डाव्या बाजूने मुका रिसीव्हर

शिरपूरला निघताना पिशवीत मल्टिमीटर, पेचकस आणि पाटीवर बसवलेला शंभर वॉटचा बल्ब घेतला. तिथल्या एका मळेवाल्याला जुना स्टीरिओ रिसीव्हर विकायचा होता. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असतो, तो. तसाच एक माझ्याकडे होता, पण त्याचा ट्रान्सफॉर्मर जळालेला आणि नवा कुठे मिळत नाही. याचा काढून त्यात बसवायचा, उरलेलं माळ्यावर टाकायचं, असा साधा बेत. आयटीआयमध्ये रेडिओचा ट्रेड केलाय मी. जुन्या पेट्यांवर जीव जडवत नाही.

मळेवाले आजोबा मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. हात धुऊन त्यांनी रिसीव्हरवरचं फडकं काढलं आणि मी काही विचारायच्या आत सुरू झाले.

"पहिले खोडी सांगतो, बाई. डावी बाजू बोलत नाही. आवाजाचं बटन फिरवलं का खरखर करते. बाकी जनावर इमानदार आहे."

"बैल विकून राह्यले का, आजोबा?"

"बैलाचंही असंच राह्यते. खोड लपवली तर बाजारात तोंड दाखवता येत नाही."

आतून आजी म्हणाल्या, "लग्नात मात्र ह्यायच्या बापानं ह्यायची एकही खोड नाही सांगतली."

वरचं झाकण काढून मी आधी वास घेतला. जळकट नव्हता. आत धूळही बेताचीच. हवेच्या भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी तांब्याच्या तारेने शिवली होती. उंदीर अडावा आणि हवा खेळावी म्हणून. टाके इतके सारखे की मी दोनदा पाहिले. मग बल्ब मध्ये जोडून वीज दिली. आत मोठा शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो. हा भपकन पेटला आणि मंदावला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. डाव्या बाजूचा फ्यूज उडालेला, त्यामागचे दोन पॉवर ट्रान्झिस्टर खलास. फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळली नव्हती, हे आमच्याकडे फार दिसत नाही. आजोबांनी एकही खोड लपवली नव्हती आणि एकही वाढवली नव्हती.

मी झाकण लावत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "कामाले नेता का तोडाले?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोरचा माणूस खोडी सांगून विकत होता.

"तोडाले आलती," मी म्हटलं. "आतलं एक सामान पाह्यजे होतं."

त्यांनी फडकं परत टाकलं. "मंग राहू द्या. म्हातारा बैल नाही देल्ला कधी कापाले, हे कायले देऊ?"

"बैल शेण तरी देत होता!" आजी बाहेर आल्या. "हे नुसतं जागा अडवून बसून राह्यलं. ने वं बाई तू."

आजोबा जागचे हलले नाहीत. मी फडक्याकडे बघत विचार केला. माझ्या पेटीच्या लाकडाचा भुगा झालेला, स्टेशन लावायच्या काट्याची दोरी तुटलेली, हवेच्या भोकांत झुरळं. चांगले फक्त ट्रान्झिस्टर, आणि ते याला लागू पडणारे. दोन ट्रान्झिस्टर बदलणं हे अख्खा ट्रान्सफॉर्मर उपटून बसवण्यापेक्षा किती तरी सोपं. घरून उलटा बेत करून निघाले होते, एवढंच.

"हा राह्यते. घरी माहा आहे, तो तोडीन," मी म्हटलं.

आजोबांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग उठून पेटीला हळदीकुंकू लावलं. निंबावर ताणलेली एरियलची तार मात्र सोडवून स्वतःच्या खुंटीला अडकवली.

"ते काहून ठेवता?"

"जनावर विकलं तरी दावं देत नाही आमी."

एरियलची तार कुठेही मिळते. मी पैसे मोजून दिले. स्टँडपर्यंत पेटी त्यांनी सायकलच्या कॅरियरवर आणली आणि एसटीत माझ्या मांडीवर ठेवली.

माझा रिसीव्हर मी त्याच आठवड्यात उघडला. त्यातले ट्रान्झिस्टर आणलेल्या पेटीत बसले, बटनाची खरखर साफ केली, आणि आजोबांना फोन लावला.

"चालू झाला. ऐकता का?"

"डावीच बाजू ऐकवा," ते म्हणाले. "उजवी मले माहीत आहे."

मी उजव्या स्पीकरची वायर काढली आणि फोन डाव्यासमोर धरला. बाजारभाव चालले होते. आजोबांनी ते शेवटपर्यंत ऐकले.