नाईकसाहेबांचं मंडळ आणि कमलताईंची साक्ष

आमच्या मंडळातली माणसं आता फक्त लग्नात नाहीतर तेरवीला भेटतात. पहिली पाच मिनिटं बी.पी. आणि गुडघे. मग कोणीतरी म्हणतं, "अन् ते आठवते का..." आणि झालं! पंगत उठते, वाढपी ताटं उचलायला येतात, आमचं आपलं सुरूच. घडत असतात तेव्हा या गोष्टी म्हणजे नुसता डोक्याला ताप असतो. माणसं पांगली की मग त्या अशा साठत जातात.

मंडळाचं पूर्ण नाव 'पोलीस सहकार्य, गुन्हेपीडित साहाय्य व शस्त्रपरवानाधारक हक्क मंडळ'. मानेवाड्यात नाईकसाहेबांच्या घराची समोरची खोली म्हणजे ऑफिस. पेंटरची पाटी 'हक्क'पाशीच संपली, म्हणून 'मंडळ' त्यानं शेजारच्या दारावर लिहिलं. दार उघडं असलं की बाहेरून येणाऱ्याला नुसते 'हक्क' दिसायचे!

नाईकसाहेब निवृत्त फौजदार. आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा बसून घ्यायची. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, पोलीस, पीडित आणि बंदूकवाले, या तिघांचा एकमेकांशी काय संबंध?"

ते म्हणाले, "बाई, तिघांचंही कोणी पूर्ण ऐकून घेत नाही."

*

मी तिथं गेले ती सासऱ्यांच्या बंदुकीपायी. सासऱ्यांची बारा बोअर पुढे आमच्या ह्यांच्या नावावर झाली. हे गेल्यावर ती माझ्या कपाटात, शालूच्या खाली. नाईकसाहेबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आजच्या आज दुकानात जमा करा! पावती घ्या! नावावर करायचं मग पाहू!" त्या एका दिवसात माझी बंदूक जमा झाली आणि मी सहसचिव झाले. अर्ज कशाचा भरला ते घरी आल्यावर कळलं.

मग परवान्यासाठी पोलिसांची चौकशी आली. हवालदार शेजारी जाऊन विचारू लागला, बाईंचा स्वभाव कसा आहे, रागीट आहेत का, भांडण वगैरे? मी इकडे दाराआड कान देऊन. शेजारची शोभा माझी वीस वर्षांची मैत्रीण. ती अगदी मनापासून म्हणाली, "साहेब, खरं सांगू काय? हिले बंदुकीची गरजच नाही!"

हवालदारानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. परवाना मिळायला दीड वर्ष लागलं. शोभाशी मी तीन दिवस बोलले नाही.

*

आमचे वामनराव ढोबळे उमरेड रोडचे. संत्र्याची बाग, रानडुकरांचा उच्छाद, म्हणून परवाना. आता निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा नियम. आणि आपल्याकडे निवडणुका काय कमी? लोकसभा झाली की विधानसभा, मग जिल्हा परिषद. वामनराव बिचारे दर वेळी बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन जमा करायला यायचे.

एका बैठकीत ते तावातावानं उभे राहिले. "साहेब, माही बंदूक माह्या घरी कमी अन् ठाण्यात जास्त राह्यते! अन् ते डुक्कर! बंदूक घरी असली तं एक फिरकत नाही. मी एस.टी.त बसलो का पूरी फलटण बागेत! त्यायले आचारसंहिता बरोब्बर समजते!"

नाईकसाहेबांनी गंभीरपणे त्याचं निवेदन करायला सांगितलं. मीच लिहिलं. 'डुक्कर' हा शब्द त्यात अकरा वेळा आला. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

*

एका वर्षी नाईकसाहेबांच्या मनात आलं की ठाण्यात जाऊन पोलिसांचे आभार मानायचे. उन्हाळ्यात, बंदोबस्तात उभी राहणारी माणसं, त्यांना कोणी दोन गोड शब्द तरी बोलतं का? झालं, आम्ही बाराजण निघालो. हार, संत्र्याची टोपली, हातात कागद.

आम्हाला पाहिलं आणि ठाण्याचं गेट लागलं!

"मोर्चा कोणाचा?" आतून विचारणा.

"मोर्चा नाही."

"मागणी काय?"

"मागणी काहीच नाही. आभार मानायला आलो."

ड्युटीवरचा जमादार पार गोंधळला. त्यानं फोन लावला, हळू बोलला, पण आम्हाला ऐकू येत होतं. "साहेब, बारा लोकं आले. लय शांत आहेत. मागणी सांगून नाही राहिले. मले काही ठीक नाही वाटून राहिलं."

आम्हाला पाऊण तास बाहेर उभं केलं. शेवटी संत्री आत गेली, तीही एकेक तपासून. निघताना त्याच जमादारानं मला बाजूला घेतलं. "ताई, चोवीस वर्षं झाली नोकरीले. हार पहिल्यांदाच पाह्यला." मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलली नाही म्हणजे समजून घ्या!

*

आता कमलताई, आमच्याकडे मदतीला आलेल्या. कमलताई मेश्राम ब्लाउज शिवायच्या, नवरा कळमन्याच्या बाजारात मापारी. भर दुपारी मोटरसायकलवर एकजण पत्ता विचारायला थांबला. त्यानं गळ्यातली पोत ओढली आणि ती तुटेना, म्हणून कमलताईंना दहा पावलं फरफटत नेलं. उजवं मनगट मोडलं. जिचं पोट हातावर, तिचा हातच!

पोरगा पकडला गेला, जामिनावर सुटला, आणि राहायला आला कुठं, तर कमलताईंच्याच गल्लीत, मावशीकडे! धमकी नाही, शिवी नाही. नुसती त्यांच्या खिडकीखाली गाडी उभी करून रेस द्यायचा. कमलताईंनी खिडकी बंद केली ती केलीच. अंधारात शिवायच्या.

साक्षीची तारीख तीनदा लागली. तीनदा त्या कोर्टाच्या जिन्यापर्यंत आल्या आणि परत फिरल्या. एकदा तर मी हात धरला होता, तो सोडवून रिक्षात जाऊन बसल्या. "ताई, मले नाही जमत वं. सोडून दे." सरकारी वकिलांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, बाई बोलल्या नाहीत तर तो सुटणार. मग काय, जन्मभर ती खिडकी बंद.

*

नाईकसाहेब सुरक्षित शस्त्र हाताळणीचे वर्ग घेत, त्यासाठी सुताराकडून एक सागवानी बंदूक करून घेतली होती. नियम तिलाही सगळे लागू! नळी कोणाकडे करायची नाही, वर्ग संपला की कुलपात. एकदा वामनरावांनी ती सहज चहावाल्याच्या दिशेनं टेकवली, तर साहेब कडाडले, "ढोबळे! माणूस मेला असता!" चहावाला कप टाकून पळाला.

ती लाकडी बंदूक एकदा कामठीच्या वर्गाला न्यायची होती. मी स्कूटरवर, मागे कमलताई, त्यांच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली बंदूक. त्यांना मुद्दाम बरोबर घ्यायची मी, घराबाहेर पडाव्यात म्हणून. सिग्नलला ट्रॅफिक हवालदारानं अडवलं.

"काय आहे त्यात?"

मी खोटं बोलत नाही. "बंदूक."

तो दोन पावलं मागे. "परवाना?"

"लाकडाची आहे. लाकडाला कशाचा परवाना?"

त्यानं लुगडं उलगडून बंदूक पाहिली, टिचकी मारली, ऊन डोक्यावर, मागे हॉर्न. मग म्हणाला, "बाई, खरी असती तं मले काही तरी करता आलं असतं. याचं काय करू?" आणि माझ्याकडून हेल्मेटचा दंड घेतला!

मागून खुसखुस ऐकू आली. वळून पाहते तर कमलताई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. आमच्यात आल्यापासून पहिल्यांदा. दंडाचं मला काडीचं वाईट वाटलं नाही.

*

चौथी तारीख लागली तेव्हा नाईकसाहेबांनी ऑफिसातच कोर्ट मांडलं. स्वतः न्यायाधीश, मी सरकारी वकील, वामनराव आरोपीचे वकील. काळा कोट नव्हता म्हणून त्यांनी माझा रेनकोट घातला. मे महिना! नागपूरचा!

वामनराव उभे राहिले, घसा खाकरला, कमलताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून वं ताई, लय दुखला का हात?"

"ढोबळे!" न्यायाधीश ओरडले, "तुम्ही आरोपीचे वकील आहात!"

मग वामनरावांनी मनावर घेतलं. टेबलावर थाप मारली, बोट नाचवलं, "तुम्ही खोटं बोलून राहिल्या! त्यानं पोत ओढलीच नाही!" घामाच्या धारा, रेनकोटचा फडफडाट. कमलताईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं बाप्पा, नसन ओढली. तुम्ही बसा, पाणी प्या."

सगळे हसले. मी नाही हसले. मला रडू आलं आणि रडू आलं की मी ओरडते. "अशीच म्हणणार आहेस का तिथं? तो मोकळा फिरेल, अन् तू शिव अंधारात!" कमलताई उठल्या. डबा उचलला आणि गेल्या. नाईकसाहेब इतकंच म्हणाले, "बाई, तुमचा परवाना मीच मंजूर नसता केला."

नाईकसाहेब जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मंडळ व्हॉट्सअॅपवर उरलंय, रोज सकाळी फुलं येतात. मला मात्र साहेबांचं ते बोलणं हवंय. असं कोणी मला बोलतच नाही आता.

*

तारखेच्या दिवशी कमलताई येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. मी, वामनराव आणि नाईकसाहेब जिन्याशी उभे. अकरा वाजले. रिक्षा आली. कमलताई उतरल्या, नवरा बरोबर, अंगावर स्वतः शिवलेला पांढरा ब्लाउज. आमच्याकडे न पाहता जिना चढल्या. एका दमात.

आत तो पोरगा कडेला उभा, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. कमलताईंनी पिंजऱ्यात शपथ घेतली. नजर खाली. सरकारी वकिलांनी विचारलेलं कसंबसं सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. वामनरावांसारखे ओरडले नाहीत. फार गोड माणूस.

"ताई, घटनेला चार वर्षं झाली. एक-दोन मिनिटांचं काम. एवढ्यात चेहरा लक्षात कसा राहिला? चूक होऊ शकते ना माणसाची?"

कमलताईंची नजर खालीच.

"होऊ शकते ना, ताई?"

वामनरावांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. नाईकसाहेब पुटपुटत होते, काय ते मला कळलं नाही. न्यायाधीश म्हणाले, "बाई, इकडे माझ्याकडे पाहून उत्तर द्या."

कमलताईंनी मान वर केली. "थांबा साहेब, एक मिनिट. चार वर्षं हा खिडकीखाली येऊन राहिला. मी एक खेप पाह्यलं नाही याच्याकडे. आज तुमच्या समोर पाहून घेऊ द्या."

आणि पूर्ण वळल्या. पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले, ते मोडलेलं मनगटसुद्धा, आणि पाहत राहिल्या. वकील काही बोलायला गेले, न्यायाधीशांनी नुसता हात वर केला. त्या पोरानं आधी छताकडे पाहिलं. मग दाराकडे. मग मान खाली घातली.

कमलताई परत वळल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "हाच आहे. आता लिहा."