धरणगावच्या आबांची गाडी

मॉडेलचं किट जोडून झालं तरी डब्यात चार-दोन भाग उरतातच. एखादं जास्तीचं चाक, न लावलेली अँटेना, कुठल्या तरी सैनिकाचा सुटा हात. फेकवत नाही, म्हणून तो माल एका बरणीत जातो आणि बरणी भरत राहते. आमच्या मंडळात किस्सेही असेच साठले आहेत. एक काढायला जावं तर त्याला अडकून दुसरा वर येतो, आणि हसायला म्हणून सुरू केलेली गोष्ट भलतीकडेच जाते.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. मी जळगावात दातांच्या कवळ्या बनवतो. रफिकभाई धुळ्यात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. आणि नाना मूळचे पहूरचे, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, डावा कान तोफेलाच देऊन आलेले. रविवारी माझी लॅब बंद असते. त्या टेबलावर आम्ही रणगाडे, तोफा आणि चिलखती गाड्यांची वीतभर मॉडेलं जोडतो. कवळीचं कोरणं, घासणं, पॉलिश करणं यांची सगळी हत्यारं या कामाला अगदी चपखल बसतात.

माझी बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "आठवडाभर लोकांचे दात बसवता आणि रविवारी ते पाडायची यंत्रं!"

*

नानांनी एक लांब नळीची तोफ जोडली होती. ज्या तोफेवर त्यांनी नोकरी काढली, तीच. पुतण्याला दाखवायला म्हणून गाडीत ठेवून नेली आणि पुतण्याच्या घरी जेवायला बसले. महिना मे, गाव जळगाव, गाडी उन्हात. जेवून बाहेर येतात तो प्लॅस्टिकची नळी मऊ पडून जमिनीकडे वाकलेली!

आम्ही हळहळलो. नवी नळी बनवून देतो म्हणालो. नाना तोफ फिरवून फिरवून बघत राहिले.

"राहू द्या," ते म्हणाले. "निवृत्त झाली."

ती तशीच माझ्या फळीवर आहे. येणाराजाणारा तिच्याबद्दल विचारतो आणि नाना प्रत्येकाला तेवढंच उत्तर देतात.

*

आबाही त्या फळीमुळेच आमच्या किश्श्यांत आले. आले होते खरं तर कवळीसाठी. धरणगावचे, जिनिंग फॅक्टरीत आयुष्य गेलेलं. त्यांची कवळी मीच केली होती आणि ती छान बसलेली होती. आता बोलताना खाली घसरत होती. कवळी सैल झाली की माणूस झिजलाय हे आमच्या धंद्यात लगेच कळतं. मी विचारलं, आबा, तब्येत बरी नाही का?

त्यांचा मुलगा सुमेध फौजेत होता. सरावात नदी ओलांडताना वरून पाण्याचा लोंढा आला आणि सैनिकांना घेऊन जाणारी चिलखती गाडी पाण्यात गेली. काही जण निघाले. सुमेध राहिला. पेटी घरी आली ती बंद, उघडू नका म्हणून सांगितलेली.

हे सांगताना आबांचं लक्ष माझ्या फळीकडे होतं. मग म्हणाले, "तुम्ही लढाईन्या गाड्या बनावतस ना? मनी घरवालीले एक दखाडनी शे. ती बठ्ठासले एकच इचारस, तो कोठे बठेल व्हता?"

सुमेधची आई, म्हणजे अक्का, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारायच्या. सरपंचांना विचारलं, पेटीबरोबर आलेल्या जवानांना विचारलं. कोणी म्हणालं आत, कोणी म्हणालं मागे. गाडी कधी पाहिलेलीच नाही, तर आत म्हणजे कुठे आणि मागे म्हणजे काय, हे त्या बाईला कसं समजावं? तिला जागा दाखवायची होती, म्हणजे कदाचित तिचं विचारणं थांबेल, एवढीच आबांची आशा होती. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे सुमेधच्या नावाने व्हायच्या वंदनेच्या, कार्यक्रमापर्यंत गाडी मिळाली तर बरं होईल, असंही म्हणाले.

मी हो म्हटलं. कवळीत अस्तर भरून दिलं. जाताना ते पुन्हा वळून म्हणाले की गाडी तीच पाहिजे, तिच्यासारखी दुसरी नको.

*

किट रफिकभाईंनी शोधलं आणि स्वतःच्याच नावावर मागवलं. पार्सल धुळ्याला आलं ते कोपऱ्यातून फाटलेलं. फटीतून डब्यावरचं चित्र दिसत होतं, चिलखती गाडी आणि तिच्यावरची बंदूक. कुरिअरच्या काउंटरवरच्या माणसाने चित्र पाहिलं, नाव वाचलं आणि रफिकभाईंना बाकावर बसायला सांगितलं.

थोड्या वेळाने एक पोलीस हवालदार आला. रफिकभाईंनी डबा उघडून प्लॅस्टिकच्या फ्रेमी बाहेर काढल्या, मोबाईलमध्ये आपली जुनी मॉडेलं दाखवली, प्रदर्शनातलं बक्षीस दाखवलं. हवालदार भला माणूस होता. खेळणं आहे म्हणाला, चहा सांगितला आणि निघून गेला. मात्र त्या वेळात काउंटरवर जे जे आलं त्याने त्याने रफिकभाईंना डोळे भरून पाहून घेतलं. त्यात त्यांचं एक गिऱ्हाईकही होतं.

रविवारी हे सगळं त्यांनी आम्हाला नकला करून सांगितलं. आम्हीही हसलो. मग डब्यातली एक फ्रेम उजेडाकडे धरत ते म्हणाले, "पुढचं पार्सल तुमच्या नावाने मागवा, भाऊ. तुमच्या नावावर रणगाडा आला तर तो खेळणं असतो."

तेव्हापासून पार्सलं माझ्या नावाने येतात. मला त्याची लाज वाटते आणि पर्यायही सुचत नाही.

*

गाडी अर्धी झाली असताना फैजपूरच्या एका शाळेत आमचं प्रदर्शन लागलं. पाहुण्यांनी रणगाड्यासोबत सेल्फी काढले. एका गृहस्थांनी हा चालतो का, म्हणून तीनदा विचारलं आणि चालत नाही म्हटल्यावर आमच्याकडे फसवल्यासारखं पाहिलं.

नाना आपल्या दुसऱ्या एका तोफेजवळ उभे होते. पाचवी-सहावीतली एक मुलगी आली. गोळा किती लांब जातो, तिने विचारलं. नानांनी सांगितलं, पार या गावापासून पुढच्या तालुक्यात. मग तो पडला ते दिसायचं का? नाना म्हणाले, नाही, वायरलेसवर कळायचं. कुठे पडला तेवढं कळायचं. कोणावर पडला ते नाही.

मुलीने जरा विचार केला. "मग तुम्हाला झोप यायची?"

"तेव्हा यायची," नाना म्हणाले.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीचे मळे होते. रफिकभाईंनी रेडिओ लावला. नानांनी चांगल्या कानाच्या बाजूची खिडकी खाली केली आणि वाऱ्याकडे तोंड करून बसले.

*

आता मुख्य गोष्ट राहिली होती. सुमेध बसला कुठे होता? आबांकडे त्याच्या एका मित्राचा नंबर होता, त्याच गाडीतून वाचलेल्या मुलाचा. बोलायची हिंमत त्यांना होत नव्हती. नानांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे स्पीकरवर, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकावं लागलं.

नानांनी आधी स्वतःची रेजिमेंट सांगितली. मग तो पोरगा मोकळा झाला. आत लांब बाक असतं, पाठीला पाठ लावून बसतात. सुमेध अगदी शेवटी, मागच्या उजव्या दाराजवळ. ती जागा सगळ्यांना हवी असायची, कारण दार उघडं असलं की तिथेच वारा लागतो. त्यावरून रोज सकाळी दोघांची भांडणं व्हायची.

नाना म्हणाले, "मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तो जिंकला, सर."

पुढे त्या मुलाचे नानांना अधूनमधून फोन येऊ लागले. काही काम नसायचं. जेवलात का, विचारायचा.

*

आमच्या मंडळाचा एक नियम आहे. स्वच्छ गाडी कोणाच्या हातात द्यायची नाही. स्वच्छ गाडी म्हणजे दुकानातलं खेळणं. गंज, तेलाचे ओघळ, रंग उडालेले कोपरे, चिखल, हे सगळं जमलं तर ती खरी. त्यासाठी आमच्याकडे बाटल्यांत गाळलेली माती आहे. तापीकाठची वेगळी, गिरणेची वेगळी, शेतातली काळी वेगळी.

सुमेधच्या मित्राने गाडीचे फोटो पाठवले होते. बहुतेक धुरकट, समोर पोरं उभी असलेले. पण काही फोटो अप्रतिम होते. चारी बाजूंनी काढलेले, सगळं दिसणारे, नंबर, हत्यारांच्या पेट्या, वाकलेला पत्रा. ते गाडी क्रेनने नदीतून काढल्यानंतरचे होते.

आम्ही ते फोटो समोर लावले आणि कामाला लागलो. रफिकभाईंनी वाळलेल्या गाळाचा जो थर उठवला, तसं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. चाकांवरच्या पट्ट्यांत अडकलेलं गवत मी केलं, ब्रशच्या केसांचं. नानांनी भिंग लावून तपासलं आणि पास केलं. आम्ही तिघं इतके खूश होतो! फोटोशी तंतोतंत जुळतंय, याच्या पलीकडे आमच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

रविवारी आबा आले. गाडी दोन्ही हातांत घेतली. छतावर बोट फिरवलं. पट्ट्यातलं गवत नखाने ओढून पाहिलं.

"हाई बठ्ठं पानीखाल व्हतं ना?" त्यांनी विचारलं.

त्यांनी गाडी टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि पाणी पिऊन येतो म्हणून गेले. माठ लॅबमध्येच होता. बराच वेळ ते परत आले नाहीत. मी बाहेर जाऊन पाहिलं तर समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. आमच्या अकलेचा एवढा संताप मला पूर्वी कधी आला नव्हता.

*

रफिकभाई गाडी धुळ्याला घेऊन गेले. गॅरेजला सुट्टी दिली आणि सगळा गाळ उतरवला. खालचा रंगही त्याबरोबर गेला, तेव्हा पहिल्यापासून रंगवली. नियम मोडून अगदी स्वच्छ, फौजी हिरवी. म्हणाले, सुमेधला मिळाली त्या दिवशी अशीच असेल.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही तिघं धरणगावला गेलो. घरासमोर मांडव होता. माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, भंतेजींची वंदना नुकतीच आटोपली होती. सुमेधच्या फोटोजवळ फुलं वाहून आम्ही कडेला उभे राहिलो. आबा आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पांढरा पदर. आबांनी गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

"कोठे?" त्यांनी विचारलं.

नाना गुडघे धरत खाली बसले आणि मागच्या उजव्या दारावर बोट ठेवलं. इथे, दाराला लागून, म्हणाले. वारा लागायची जागा होती. त्याला तीच आवडायची.

अक्का त्या दाराकडे पाहत राहिल्या. दार म्हणजे जेमतेम करंगळीच्या पेराएवढं. त्यांनी त्यावर नख लावलं.

"दार उघडस का?"

पाण्याच्या दाबाने ते दार त्या दिवशी उघडलं नव्हतं, हे सुमेधच्या मित्राने नंतर नानांना सांगितलं होतं. अक्कांना ते कोणी सांगितलं होतं की नव्हतं, आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि आमचं दार तर आम्ही डिंकाने पक्कं चिकटवलेलं. मी आबांकडे पाहिलं. ते खाली पाहत होते.

रफिकभाई पुढे झाले. हत्यारांची छोटी डबी त्यांच्या खिशात कायम असते. त्यांनी ब्लेड काढलं, गाडी अक्कांच्या मांडीवरच राहू दिली आणि दाराच्या फटीतून ते हळूहळू फिरवू लागले. बाहेर जेवणाच्या पंगती बसत होत्या. एक बिजागरी तुटली. नव्या रंगाचा टवका उडाला. मग दार सुटलं आणि बाजूला झालं.

या किटमध्ये आतलं काही नसतं. बाक नाही, काही नाही. नुसतं पोकळ प्लॅस्टिक.

अक्कांनी गाडी उचलून दाराकडच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. मग करंगळी आत घालून सगळीकडे फिरवली. त्यांचा चेहरा सैल पडला. त्यांनी आबांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं आणि गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

"दखा," त्या म्हणाल्या. "आठे कोनीच नही. निंघी गया तो."