कराचीची सुपारी

देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा आमच्या वडिलांनी ठरवून टाकलं, की हे भांडण दिवाळीपर्यंत मिटेल. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

चौलला आमची पोफळीची वाडी होती. आजोबांच्या वेळेपासून तिथली सुपारी रेवदंड्याहून शिडाच्या पडावाने कराचीला जाई, एका सिंधी शेठजींच्या पेढीवर. तिकडे चिकणी सुपारी लागे. म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला कोवळे घड उतरवायचे, फळं सोलायची, मोठ्या हंड्यात उकडायची आणि मग उन्हात घालायची. मुंबईच्या बाजाराला पांढरी सुपारी हवी असे. तिला चूल लागतच नाही. फळ झाडावर पिकू द्यायचं आणि नुसतं वाळवायचं.

फाळणीनंतर आधी जकात बसली, मग परवाने आले, मग तिकडचा रुपया वेगळा झाला. शेवटी पडाव जायचेच थांबले. दिल्लीतल्या आणि कराचीतल्या शहाण्यांनी एकमेकांची जिरवली आणि शिक्षा झाली आमच्या आईला. कारण वडील दर दसऱ्याला गडी झाडावर चढवून कोवळे घड उतरवतच राहिले. कोवळं फळ एकदा उतरलं की ते उकडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि उकडायचं काम आईचं. धुराने तिचे डोळे सदा लाल असत. धूर सोडला नाहीत तर नजर जाईल, असं अलिबागच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं.

"आवं, कराची बंद झालीय न्हवं? यंदा तरी घड राहू द्या झाडावर," आई म्हणे.

"आन् उद्या वाट उघडली तर? शेठजींना काय तोंड दाखवू?"

"तवर माझं डोळं जातील."

"मग चूल अंगणात मांड. धूर वर जाईल."

काय हा तोडगा! माझा नुसता संताप व्हायचा. मी मध्ये बोलले की पोरीच्या जातीने वाडीच्या कारभारात तोंड घालू नये, हे ठरलेलं उत्तर. इकडे माळ्यावर पोत्यांवर पोती चढत होती. जुन्या मालाला भुंगा लागला, तरी नवा माल त्याच्यावर जाऊन बसायचाच.

अशी काही वर्षं गेली. मग एका दुपारी कापडी पिशवी घेतलेला एक थकलेला माणूस अंगणात येऊन उभा राहिला. वडिलांनी आधी ओळखलंच नाही. ते शेठजी होते. पेढी, घर, सगळं तिकडे टाकून आलेले, आणि पडाव थांबल्यापासून कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीत राहत असलेले.

वडिलांनी त्यांना हाताला धरून माळ्यावर नेलं आणि मोठ्या अभिमानाने पोती दाखवली.

"ये किसके लिए, भाऊ?" शेठजींनी विचारलं.

"तुमच्यासाठी. वाट उघडली की धाडणार होतो."

"मैं तो कब से इधर हूँ," शेठजी म्हणाले. "अब ये मत बनाओ. सफेद सुपारी बनाओ. मैं कल्याण में बेचूँगा."

"बरोबर हाय तुमचं," वडील म्हणाले. लगेच! एका शब्दात!

दाराआडून आई कडाडली, "ह्येच मी इतकी वर्सं सांगत व्हते!"

"पाव्हण्यासमोर काय ह्ये," वडील पुटपुटले.

त्या दसऱ्याला झाडावर कुणी चढलं नाही. फळं पिकली, अंगणात वाळली. शेठजींनी कशी अक्कल दिली ते वडील गावभर सांगत फिरले. ऐकून माझं डोकं फिरायचं. मला दिल्लीचा राग होता, कराचीचाही होता, पण सगळ्यात जास्त राग या घरातल्या माणसाचा होता.

आई उन्हात बसून फळं फोडत होती. एकेक सुपारी बोटांनी चाचपून सुपात टाकत होती. वडील शेजारीच पोती शिवत बसले होते. मी हाक मारली, तशी तिने एक सुपारी माझ्या आवाजाच्या दिशेने पुढे केली.

"दाणा कसा उतरलाय गं?" तिने विचारलं. "पांढरा हाय ना?"