फ्रिजजवळची जागा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहते ती, माझी मैत्रीण. मला कधीच बस म्हणत नाही. मी दारात दिसलो की ओरडते, "हलू नकोस! तिथेच, फ्रिजजवळ उभा राहा." तिच्या टेबलावर अँटेना तपासायचं, खिशात मावणारं यंत्र असतं आणि माणूस जवळ गेला की यंत्राच्या पडद्यावरची रेघ नाचते, म्हणून मी टेबलापासून लांब, फ्रिजजवळ. त्या यंत्राचं सॉफ्टवेअर ती हौसेने लिहिते. कुठले कुठले रेडिओवेडे ते फुकट वापरतात.

परवा रविवारी गेलो तर स्वतःशीच कपाळाला हात लावून हसत होती.

"वाट लागली रे! माझ्या कोडमध्ये चूक होती. वर्षभर सगळ्यांचे अँटेना आहेत त्याहून झकास दिसत होते."

"कोणाला कळलं?"

"मला कळलं ना!"

दुरुस्ती करून तिने सगळ्यांना कळवलंही होतं, सोबत स्वतःच्या गच्चीवरच्या अँटेनाची खरी, रडकी रेघ जोडून. पहिलंच उत्तर आलं होतं: जुनं व्हर्जन परत द्या.

"मग देणार?"

तिने पक्कड माझ्या हातात दिली. "चल गच्चीवर. आता अँटेना खरंच चांगला करावा लागेल."

तिच्याच सांगण्यावरून फ्रिजपासून मी पहिल्यांदाच हललो.