लुगड्यांचं शीड

साठ सालच्या आसपास मी रोज सकाळी अमरावतीबाहेरच्या एका तलावावर पोहायला जायचो. तिथे एक उतारवयाचं जोडपं होडी बांधत होतं. नवऱ्याची उमर आगबोटीवर कोळसा घालण्यात गेली होती. त्याने दूरदूरची बेटं पाहिली होती, बायकोने नुसत्या त्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तलावात बाभळीची दोन बेटं होती. निदान तेवढी तरी शिडाच्या होडीतून दाखवीन, असा त्याने तिला शब्द दिला होता.

त्याने कापसाच्या गाठींच्या बारदानाचं शीड शिवलं. वारा त्यातून आरपार गेला आणि होडी जागची हलली नाही. काठावरचे लोक पोट धरून हसले.

बायकोने शीड काढून जमिनीवर अंथरलं, त्यावर आपली जुनी लुगडी पसरली आणि गोधडीला घालतात तसे टाके घालायला बसली. दोरा दाताने तोडायची, सुई अंबाड्यात खोचायची.

"काहून मावशी, होडीले थंडी वाजते का?" एकाने विचारलं. तिने सुईत नवा दोरा ओवला.

काही दिवसांनी शीड चढलं. हिरव्या-जांभळ्या लुगड्यांत वारा भरला आणि होडी सरळ बेटाकडे निघाली. पदर खोचून, डोलकाठी धरून ती उभी होती. पुढे मी समुद्रावरची जहाजंही पाहिली, पण असा रुबाब पुन्हा दिसला नाही.

दोन्ही बेटं फिरून ती दोघं वल्ही मारत परतली. त्याच माणसाने विचारलं, "काय पाह्यलं मावशी तिथं?"

"काई नाई," उतरता उतरता ती म्हणाली. "पण तिकून तुमी सारे लय लहान दिसता."