सात सीसीनं अडकलो

गाडीवाल्या मंडळींनो, आज सकाळी मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीत नाव द्यायला अंबाजोगाईला गेलतो. कित्येक वर्षांनी परत उतरतोय.

गट ठरलेला होता, दीडशे सीसीपर्यंतचा. पण माझं इंजिन मी स्वतःच, कुणाकडं न शिकता, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास वाढवून बांधलंय. ते भरतं एकशे सत्तावन्न. म्हणजे थेट खुला गट, जिथं पुण्याच्या पोरांच्या साडेचारशे सीसीच्या परदेशी गाड्या!

ओळखीचा आयोजक हळूच म्हणाला, "मामा, दीडशेतच लिवतो. बोअर कोन मोजतंय?"

"मी मोजलाय की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मामांनी मापासकट फोटो टाकलाय बे ग्रुपवर!" सगळे लई हसले.

परत दीडशेवर यावं तर जुना सिलिंडर भंगारात गेला, शर्यत रविवारी, आणि नवा त्याच्या आत मिळत नाही. शेवटी खुल्या गटात नाव देऊन आलो.

बायको म्हणाली, "आता तोंड कशापायी पाडलंय? गावभर माप तुमीच सांगितलंत. ऱ्हावा घरी."

दीडशेत खोटेपणा, खुल्यात पहिल्याच वळणावर धडकी. तुम्ही कोणता गट घेतला असता? माघार सोडून काहीही सुचवा. ती घरी सुचवून झालीय.