काकाजींच्या घरचे कोळी

न्हाणीत किंवा अंथरुणात कोळी दिसला की काकाजी स्टीलचा पेला आणि एक लग्नपत्रिका घेऊन यायचे. पेला कोळ्यावर उपडा ठेवायचा, पत्रिका हळूच खालून सरकवायची आणि पाहुण्याला मागच्या पेरूखाली सोडून द्यायचं. "आजकालच्या पत्रिका जाड असतात, कामाच्या हायेत," म्हणायचे. "बोलावते समदेच. न्यायले कोन येते?"

अमरावतीत त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे. काकाजी एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अकोल्याला. अकोला काही विलायतेत नाही. गाडीत बसलं की दोन-अडीच तासांत माणूस दारात. तरी तो पोळ्याला यायचा आणि तोंड दाखवून परत जायचा. मला या गोष्टीचा संताप यायचा, काकाजींना यायचा नाही. उमेदीची वर्षं त्यांनी वरूडला संत्र्यांच्या पेट्या भरण्यात घालवली होती. पेटीतून कोळी निघाला म्हणून तिथं कुणी काम थांबवत नसे.

माझं काम एका निसर्गसंस्थेची पत्रकं वाटायचं. 'घरातले कोळी ओळखा, मारू नका' हे पत्रक मी त्यांना वाचून दाखवलं. कोपऱ्यात उलटे लटकणारे, काटकुळ्या पायांचे, जाळ्याला धक्का लागला की थरथरणारे. खिडकीत उड्या मारून माश्या टिपणारे. आणि भिंतीला चिकटलेला तो मोठा, चपटा, ज्याला जाळं लागतच नाही, झुरळं धावून पकडतो. यातला एकही माणसाच्या जिवावर उठत नाही. मोठ्याला काकाजी पहिलवान म्हणत. त्याच्या पोटाखाली पांढरी टिकली दिसली तेव्हा मी म्हटलं, "काकाजी, ती अंडी आहेत. ही बाई आहे."

"अस्सं! म्हनून डोळे वटारून राह्यली." मग थोड्या वेळानं, "तुही काकू गेल्यावर पयल्यांदाच घरात बाई नांदून राह्यली वं."

माणसांपैकी रोज येणारे एकच, समोरच्या घरातले रामभाऊ. दुपारच्या चहाला यायचे, पेपर मोठ्यानं वाचायचे. काकाजी प्रत्येक बातमीला "खोटं हाय" म्हणायचे आणि दोघं भांडायचे. काकाजींचा सगळा दिवस त्या एका तासाच्या आधारानं उभा असायचा.

मग रामभाऊंच्या मानेवर पाण्याचे फोड आले. त्यांच्या सुनेनं निकाल देऊन टाकला, "काकाजीच्या घरी कोळी मुतला." आमचुराचा लेप लागला आणि रामभाऊंचं येणं बंद झालं.

मी पत्रक घेऊन तडक समोर गेले. कोळी मुतल्यानं फोड येत नाहीत, डॉक्टरकडे न्या, म्हणून भांडले. नेलं. डॉक्टरांनी नागीण सांगितली, गोळ्या दिल्या, फोड सुकले. मी पुन्हा गेले. सून म्हणाली, "डॉक्टरले काय मालूम? त्याच्या घरी हायेत का एवढे कोळी?" रामभाऊ आत खाटेवर बसले होते. सगळं ऐकत होते. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. असल्या अडाणीपणाची लाज कशी वाटत नाही, असं मी त्या घराच्या फाटकातच ओरडून आले.

दोन दिवसांनी पाहते तर काकाजी स्टुलावर, हातात लांब झाडू. कोपरे साफ, माळा साफ. पहिलवानही बाहेर.

"काकाजी, तुम्हीपण? तुम्हाला तर खरं काय ते माहीत आहे!"

"तुहा कागद खराच हाय, पोरी. पन कागद काही माह्यासंगं भांडत नाई." स्टुलावरून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. "जाय, रामभाऊले सांग, घर चकाचक झालं म्हनाव."

मी सांगून आले. काकाजींनी नवा धुतलेला सदरा घातला, पेपर घडी न मोडता ठेवला. त्या दिवशी रामभाऊ आले नाहीत. नंतरही नाहीत. काकाजी मला पेपर वाचायला सांगायचे आणि मी काहीही वाचलं तरी "असंन बा" म्हणायचे. त्या स्वच्छ भिंतींच्या घरात ते हिवाळाभर जगले.

ते गेले तेव्हा मुलगा अकोल्याहून आला आणि रामभाऊ समोरून आले. रामभाऊ अंगणातल्या खुर्चीत बसून राहिले. माझ्यानं राहवलं नाही. "काकाजींनी तुमच्यासाठी घर झाडलं होतं. तुम्हाला अजून कोळ्यांचीच भीती होती का?"

"मले कोळ्याची कायची भीती, बाई?" ते हळू आवाजात म्हणाले. "साऱ्या जिंदगीत कोळी पाह्यले. सून नाई म्हने. अन् मी जेवतो तिच्या हातचं."

घाटावरून सगळे परत आल्यावर रामभाऊ पुन्हा त्याच खुर्चीत टेकले, तेवढ्यात त्यांच्या सुनेनं समोरून हाक मारली, "बाबाजी, पानी काढलं, आंगोळ करून घ्या." रामभाऊ लगेच उठले, आणि काकाजींच्या बंद दाराकडे न पाहता रस्ता ओलांडून गेले.